धोंडजी वाघ : शिलेदारी, पुंडावा आणि सार्वभौमत्वाचा दावा (१७९२ ते १८००)

प्रस्तावना

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तुंगभद्रा आणि मलप्रभा या नद्यांच्या मधल्या मुलुखात ज्याच्या नावाने किल्लेदारांनी दरवाजे लावून घेतले, त्या धोंडजी वाघाचा उल्लेख मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथांत बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. पटवर्धनांच्या सरदारीचा इतिहास सांगताना तो येतो, बापू गोखल्यांचे चरित्र लिहिताना येतो आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या इंग्रजी चरित्रांत नेपोलियनच्या पराभवापूर्वीची एक किरकोळ मोहीम म्हणून येतो. तिन्ही ठिकाणी तो दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रातील अडथळा आहे. प्रस्तुत निबंधात त्याच्याकडे एक बेकार झालेला शिपाई म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हैदर अलीच्या घोडदळात नोकरीस लागलेला एक मराठा शिलेदार सात-आठ वर्षांच्या अवधीत पुंड, कैदी, पुन्हा पुंड आणि शेवटी स्वतःला राजा म्हणवणारा बंडखोर कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा तत्कालीन लष्करी नोकरीच्या व्यवस्थेत अधिक सापडते, असे येथे मांडावयाचे आहे.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु धोंडजी ज्या रायचूर दोआबाच्या परिसरात मारला गेला तो प्रदेश आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश हे दोन्ही निजामाच्या राज्याचे भाग होते, आणि पुढे १८५३ मध्ये एकाच तहाने, एकाच कारणासाठी, ते कंपनीकडे गेले. ते कारणही शिपायांच्या पगाराचेच होते. त्याचा विचार अखेरीस केला आहे.

साधनांविषयी

धोंडजीचा स्वतःचा कागद म्हणावा असे फारसे काही अभ्यासकांच्या वापरात नाही. जे आहे ते त्याच्या शत्रूंनी लिहिलेले आहे. मार्क विल्क्सने १८१० ते १८१७ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केलेला म्हैसूरचा इतिहास, ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास, आर्थर वेलस्लीची पत्रे (प्रथम गर्वुडने आणि नंतर ड्यूकच्या मुलाने संपादित केलेली) आणि मराठी बाजूने वासुदेवशास्त्री खरे यांनी ऐतिहासिक लेखसंग्रहात छापलेला पटवर्धन दफ्तरातील पत्रव्यवहार, ही मुख्य साधने होत. यांपैकी इंग्रजी साधनांत 'लुटारू' हा शब्द इतक्या सहजपणे येतो की वाचणारा त्यास वर्णन समजून पुढे जातो. वस्तुतः तो शब्द एक न्यायनिवाडा आहे. ज्याच्याशी तह करावयाचा त्यास शत्रू म्हणावयाचे आणि ज्याच्याशी करावयाचा नाही त्यास लुटारू, हा त्या काळच्या कंपनी सरकारचा व्यवहार होता.

मराठी पत्रव्यवहाराची भाषा निराळी आहे. तेथील 'पुंड' व 'पुंडावा' या शब्दांत निंदा आहे, परंतु पुंड उद्या चाकरीस राहू शकतो, त्यास जप्तीचा मुलूख सोडवून दिला जाऊ शकतो, ही शक्यताही त्या शब्दात गृहीत असते. पाळेगारांच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले होते. दोन भाषांतील दोन शब्दांमधील हे अंतर लक्षात घेतल्याखेरीज धोंडजीचे चरित्र नीट उलगडत नाही.

घोडा, नालबंदी आणि चंदी

धोंडजीचा जन्म म्हैसूर राज्यातील चन्नगिरी येथील पवार घराण्यातला. हैदर अलीच्या घोडदळात तो शिरला आणि टिपूच्या काळातही त्याच सेवेत राहिला. कानडी मुलुखातील मराठा घराण्यातील तरुणाने मुसलमान राजाच्या चाकरीत जाण्यात त्या काळी कोणास काही विशेष वाटत नसे. दख्खनमध्ये बहामनी काळापासून लष्करी चाकरीचा बाजार धर्म व भाषा यांच्या सीमा ओलांडून चालत आला होता. डर्क कोल्फ यांनी उत्तर हिंदुस्थानाच्या संदर्भात १९९० मध्ये 'लष्करी श्रमाचा बाजार' ही कल्पना मांडली. दख्खनला ती तितकीच लागू पडते, किंबहुना येथे तीन-चार सत्ता शेजारी असल्याने गिऱ्हाइके अधिक होती.

या बाजाराचे एक अंग समजून घेणे आवश्यक आहे. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराचा घोडा सरकारी किंवा सरदाराच्या पागेतला. तो मेला तर नुकसान धन्याचे. शिलेदाराचा घोडा व हत्यारे त्याची स्वतःची. म्हणून त्याचा दर्जा मोठा आणि पगारही अधिक. परंतु घोडा हेच त्याचे सारे भांडवल. मोहिमेवर निघताना त्यास नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे, पुढे रोजमुरा मिळे, आणि बाकी हिशेब मोहीम संपल्यावर. हा हिशेब वेळेवर चुकता झाल्याची उदाहरणे कोणत्याही दरबारात कमीच. लढाई संपली, फौज मोडली, तरी घोड्याला रोज चंदी आणि वैरण लागतेच. सावकाराकडून कर्ज काढून एक पावसाळा निभावता येतो, दोन निभावणे कठीण. घोडा विकला तर शिलेदार बारगिराच्या पायरीवर येतो आणि पुन्हा वर चढणे बहुधा जमत नाही. अशा स्थितीत पाच-पन्नास स्वारांनी एकत्र येऊन कोण्या देसायाच्या आश्रयाने शेजारच्या मुलुखातून खंडणी गोळा करणे ही गुन्हेगारी वृत्ती नव्हती असे म्हणता येणार नाही. ज्या गावावर ते तुटून पडत त्या गावाच्या दृष्टीने तर ती निखालस लूटच होती. परंतु त्या लुटीची मुळे पगाराच्या बाकीत होती आणि सर्व दरबार ते जाणून होते. मुलुखगिरी या प्रतिष्ठित शब्दाचा अर्थ तरी याहून फारसा वेगळा कुठे आहे?

पहिला पुंडावा आणि टिपूची कैद

कॉर्नवॉलिस, निजाम व मराठे यांनी मिळून टिपूवर केलेल्या युद्धाचा शेवट मार्च १७९२ च्या तहाने झाला आणि टिपूचे निम्मे राज्य गेले. या धामधुमीत धोंडजी काही स्वार व लूट घेऊन टिपूच्या फौजेतून निसटला आणि लक्ष्मेश्वरच्या बाजूस देसायाच्या आश्रयास राहिला. सावनूर-धारवाडचा हा टापू त्या वेळी टिपूकडून नुकताच मराठ्यांकडे आला होता. नवा अंमल पुरता बसला नव्हता, जुना उठला होता. वसुली कोणाची, हा प्रश्न गावोगाव अनिर्णित होता. १७९३ च्या आरंभी धोंडजीने हावेरी, सावनूर यांकडे धाड घातली आणि त्याच्याभोवती माणसे जमू लागली. ती आली त्यामागे त्याच्याविषयीची निष्ठा होती असे मानण्याचे कारण नाही. तो घोड्याला चंदी देऊ शकत होता, एवढे पुरेसे होते.

परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याचा बंदोबस्त करण्यासाठी धोंडोपंत गोखले यांस पाठविले. गोखल्यांनी त्यास मराठी मुलुखातून हुसकून लावले आणि १७९४ मध्ये तो टिपूकडे परतला. ज्या धन्याची फौज सोडून गेलो त्याच्याच दारी पुन्हा उभे राहणे आज विचित्र वाटते; तत्कालीन व्यवहारात मात्र हे नित्याचे होते. टिपूने आरंभी त्यास ठेवून घेतले. पुढे मात्र त्याची सक्तीने सुंता करून त्यास मुसलमान करण्यात आले, मलिक जहान खान हे नाव मिळाले आणि अखेरीस श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात बेड्या पडल्या. त्या कैदेत त्याची काही वर्षे गेली.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि विजेत्यांनी तुरुंगांतील कैदी सोडले. त्यांत धोंडजी होता. पुढील सोळा महिने ज्याच्या मागे कंपनीची फौज धावणार होती, त्याच्या बेड्या कंपनीच्याच विजयामुळे तुटल्या.

मोडलेल्या फौजेचा सरदार

श्रीरंगपट्टण पडल्यानंतर जे घडले ते दक्षिणेच्या इतिहासात यापूर्वी घडले नव्हते. एक दरबार बुडाला की दुसरा त्याची फौज उचलतो, हा क्रम होता. या वेळी म्हैसूरच्या गादीवर पाच वर्षांचे कृष्णराज वडियार बसविण्यात आले, दिवाणगिरी पूर्णय्यांकडे राहिली आणि राज्याचे रक्षण कंपनीच्या तैनाती फौजेने करावयाचे ठरले. टिपूच्या हजारो सैनिकांची कोणास गरज उरली नाही. पूर्णय्यांनी काही शिलेदार नव्या म्हैसूरच्या चाकरीत घेतले, टिपूच्या बड्या अधिकाऱ्यांस कंपनीने नेमणुका बांधून दिल्या. उरलेले हत्यारबंद आणि मोकळे. निजाम तैनाती फौजेच्या तहात १७९८ मध्येच अडकला होता व त्याने आपल्या फ्रेंच पलटणी मोडल्या होत्या. त्याच्याकडे जागा नव्हती. पुण्यात बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या गोंधळात जुन्या फौजांनाच पगार मिळत नव्हता.

धोंडजीने ही माणसे गोळा केली. त्याच्याबरोबर तुरुंगातून सुटलेले होते, टिपूचे घोडेस्वार होते, शिपाई होते. बेदनूर व शिमोगा या भागात त्याने ठाणी घेतली आणि वसूल करू लागला. कंपनीने स्टीव्हन्सन आणि डॅलरिंपल यांच्या तुकड्या पाठविल्या. १७ ऑगस्ट १७९९ रोजी शिकारपूर येथे त्याचा मोड झाला आणि तो मराठी हद्दीत शिरला. तेथे तीनच दिवसांनी धोंडोपंत गोखल्यांनी त्याच्या छावणीवर छापा घालून हत्ती, उंट व तोफा नेल्या. दुसरा कोणी असता तर येथे त्याचा शेवट झाला असता.

तो झाला नाही, कारण माणसे मोकळीच होती. पुढील सहा-आठ महिन्यांत धोंडजीभोवती पुन्हा मोठा जमाव उभा राहिला. याच सुमारास, सप्टेंबर १७९९ मध्ये, परशुरामभाऊ कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडी येथे मारले गेले होते आणि कर्नाटकातील मराठी सत्तेचा कणाच मोडला होता. डंबळसारखी ठाणी धोंडजीकडे गेली. त्याने 'दोन्ही लोकांचा राजा' अशा अर्थाचे बिरुद धारण केले ते याच काळात. इंग्रजी लेखकांनी या बिरुदाची यथेच्छ थट्टा केली आहे. इहलोक आणि परलोक या दोहोंचे राज्य मागणारा लुटारू ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाही. परंतु राजकीय दृष्ट्या हे बिरुद अर्थपूर्ण आहे. नुसत्या लुटारूला बिरुदाची गरज नसते. किल्लेदार नेमणे, सारा घेणे, पाळेगारांना आपल्याकडे वळविणे ही कामे करणाऱ्यास आपण कोणत्या अधिकाराने ती करीत आहोत हे सांगावे लागते. धोंडजीच्या मागे ना छत्रपतींची सनद, ना पातशहाचे फर्मान. धर्माच्या बाबतीतही तो दोन्ही बाजूंना अर्धा होता: जन्माने मराठा, सक्तीने मुसलमान. अशा माणसाने कोणत्याच दरबाराच्या छत्राखाली न येणारे बिरुद निवडावे, यात विसंगती दिसत नाही.

३० जून १८०० रोजी कित्तूरच्या परिसरात त्याने धोंडोपंत गोखल्यांना गाठले. धोंडोपंत मारले गेले, त्यांचे पुतणे बापू जखमी झाले. आपल्याला दोनदा हुसकून लावणाऱ्या गोखल्यांच्या रक्ताने मिशा रंगविण्याची धोंडजीची प्रतिज्ञा होती आणि ती त्याने पुरी केली, अशी कथा सांगितली जाते. ती शब्दशः खरी मानण्याचा आग्रह नाही; परंतु १७९३ पासून चाललेल्या या वैराचे स्वरूप व्यक्तिगत झाले होते एवढे त्यावरून निश्चित होते.

पाठलाग

कंपनीच्या दृष्टीने हा प्रश्न आता मोठा झाला होता. मद्रास सरकारने आर्थर वेलस्लीला दिलेली आज्ञा अशी होती की धोंडजी जेथे सापडेल तेथवर पाठलाग करावा आणि पहिल्या झाडाला त्यास फाशी द्यावे. ही आज्ञा मुळातून पाहण्याजोगी आहे. चौकशी नाही, न्यायासन नाही, युद्धकैद्याचा दर्जा नाही. ज्या कंपनीने टिपूच्या मुलांना सन्मानाने वेल्लोरला ठेवले, तिच्या लेखी टिपूचा हा जुना शिलेदार कायद्याच्या बाहेरचा होता. याउलट पेशव्यांनी आपल्या हद्दीत इंग्रजी फौजेला धोंडजीच्या मागे येऊ देण्यास संमती दिली. मराठी मुलुखात पुंडाचा बंदोबस्त करण्यासाठी परक्या फौजेला वाट देणे ही घटना त्या वेळी किरकोळ वाटली असावी. तीन वर्षांत तीच फौज, तोच सेनापती, पुण्यात आला.

वेलस्लीला या वेळी बटेव्हियावरील स्वारीचे नेतृत्व देऊ करण्यात आले होते. धोंडजीचे काम अर्धवट टाकून जाणे योग्य नाही म्हणून त्याने ते नाकारले. जून १८०० मध्ये तो हरिहराजवळ तुंगभद्रा उतरला. राणेबेन्नूर जूनअखेर, कुंदगोळ जुलैच्या मध्यास, डंबळ २६ जुलैला पडले. ३० जुलै रोजी मलप्रभेच्या काठी मनोळी येथे धोंडजीच्या फौजेचा एक मोठा भाग नदी आणि घोडदळ यांच्या कात्रीत सापडला. अनेक बुडाले, हत्ती, उंट, सामान हाती लागले.

मोहीम भर पावसाळ्यात चालली होती, हे येथे महत्त्वाचे आहे. दख्खनची जुनी रीत अशी की दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीस परतावयाचे. हलक्या घोडदळाची सारी शक्ती त्याच्या वेगात. नद्यांना पाणी असले की ती शक्ती बांधली जाते, आणि ज्याच्याजवळ बुट्ट्यांच्या नावा बनविण्याची सोय व धान्याचा नियमित पुरवठा आहे तो वरचढ ठरतो. वेलस्लीने हे हेरले. बैल, लमाणांचे तांडे आणि धान्याचा साठा यांविषयीची त्याची पत्रे लढायांविषयीच्या पत्रांइतकीच विपुल आहेत आणि, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, वाचावयास कंटाळवाणी आहेत; परंतु धोंडजीचा पराभव त्या कंटाळवाण्या पत्रांत आहे. धोंडजीची फौज मुलुखावर जगत होती. मुलूख हातचा गेला की ती उपाशी. वेलस्लीची फौज आपले पोट बरोबर घेऊन फिरत होती. पुढे १८०३ च्या युद्धात त्याने शिंदे-भोसल्यांविरुद्ध जे केले त्याची तालीम येथे झाली.

सहा आठवड्यांच्या पळापळीनंतर धोंडजी निजामाच्या हद्दीत शिरला. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगळ येथे वेलस्लीने त्यास गाठले. धोंडजीजवळ सुमारे पाच हजार स्वार होते. वेलस्लीजवळ गोऱ्या घोडदळाची १९ वी व २५ वी आणि देशी घोडदळाची पहिली व दुसरी अशा चारच पलटणी. आपली फळी आखूड पडू नये म्हणून त्याने चारही पलटणी एकाच ओळीत उभ्या केल्या, राखीव काही ठेवले नाही, आणि स्वतः पुढे होऊन चाल केली. धोंडजी लढताना मारला गेला. ओळख पटल्यावर त्याचे प्रेत घोडतोफेच्या गाड्याला बांधून छावणीत आणले. पहिल्या झाडाची आज्ञा अशा रीतीने अमलात आली नाही. तो शिपायासारखा मेला.

लूट तपासताना सामानात त्याचा सुमारे चार वर्षांचा मुलगा सापडला. नाव सलाबत खान. वेलस्लीने त्यास आपल्या तंबूत आणविले, त्याचा सांभाळ केला, आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी काही शे पौंड श्रीरंगपट्टण येथील अधिकाऱ्याकडे ठेवले. हा मुलगा पुढे म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत राहिला आणि १८२२ मध्ये पटकीने वारला. इंग्रजी चरित्रकार ही गोष्ट वेलस्लीच्या दयाळूपणाचे उदाहरण म्हणून सांगतात आणि ते खोटे नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तीत आणखी एक तपशील आहे: बापाला जी चाकरी मिळाली नाही ती मुलाला मिळाली.

पुंड आणि नवाब

धोंडजीला काय म्हणावे? एरिक हॉब्सबॉम यांनी १९५९ व १९६९ च्या ग्रंथांतून 'सामाजिक बंडखोर लुटारू' ही कल्पना मांडली: ज्यास राज्यकर्ते गुन्हेगार मानतात आणि शेतकरी आपला कैवारी मानतात असा माणूस. अँटन ब्लॉक यांनी १९७२ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला की असे लुटारू प्रत्यक्षात बहुधा बलवानांच्याच आश्रयाने जगतात आणि गरिबांनाच अधिक नाडतात. धोंडजीच्या बाबतीत ब्लॉक यांचे म्हणणे अधिक जुळते. तो देसायांच्या आश्रयाने वाढला आणि त्याची फौज कुणब्यांच्या धान्यावर जगली. पुरंदरच्या रामोश्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाइकांशी त्याची तुलना या मुद्द्यावर टिकत नाही. उमाजींच्या मागे एक जमात आणि तिचे हिरावलेले वतनी हक्क होते. कर्नाटकात अलीकडे धोंडजीला इंग्रजांविरुद्धचा आद्य स्वातंत्र्यसैनिक म्हणून गौरविले जाते. तो इंग्रजांशी लढला हे खरे; परंतु त्याचे सर्वांत जुने वैर गोखले-पटवर्धनांशी होते आणि १७९९ पूर्वी त्याचा इंग्रजांशी संबंधच जेमतेम होता, हे नजरेआड करता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते योग्य तुलना समकालीन लष्करी पुढाऱ्यांशी करावयास हवी. यशवंतराव होळकर १७९८ च्या सुमारास नागपूरकरांच्या कैदेतून निसटले तेव्हा त्यांच्याजवळ ना पैसा होता ना सनद. भिल्ल, पेंढारी, पठाण यांना जमवून, मुलूख लुटून त्यांनी फौज उभी केली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत पेशवे-शिंद्यांचा पराभव केला. आणि १८०५ च्या अखेरीस इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. त्यांचाच सहकारी अमीर खान हा मोकळा पठाण शिपाई. त्याने १८१७ मध्ये कंपनीशी करार केला आणि तो टोंकचा नवाब झाला. त्याच मोहिमेत चितू पेंढाऱ्याला कोणी करार देऊ केला नाही आणि तो १८१९ मध्ये रानात वाघाच्या तोंडी पडला. या चौघांचे आरंभीचे आयुष्य शेजारी ठेवले तर कार्यपद्धतीत मोठा भेद आढळत नाही. यशवंतरावांना घराण्याचे नाव होते, अमीर खानाला वेळेवर तह मिळाला. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्याच्या संदर्भात दाखविले आहे की लूटमार आणि राज्यनिर्मिती या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था होत्या. धोंडजी पहिल्या अवस्थेतून दुसरीकडे जात असताना मारला गेला.

युद्धानंतर मोकळ्या झालेल्या शिपायांचा हा प्रश्न एकट्या दख्खनचा नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यानंतर मिसूरी प्रांतात दक्षिणेकडील बाजूने गनिमी टोळ्यांत लढलेले काही तरुण बँका व आगगाड्या लुटू लागले. त्यांपैकी जेसी जेम्स हा १८८२ मध्ये आपल्याच साथीदाराच्या गोळीला बळी पडला आणि पुढे कथा-गीतांचा नायक झाला. साम्य आहे, पण मर्यादित. जेसी जेम्सने कधी सारा वसूल केला नाही की किल्लेदार नेमले नाहीत. त्याच्या भोवतालचे राज्य पक्के होते. धोंडजीच्या भोवती राज्येच हलत होती, म्हणून त्यास राजा होण्याचे स्वप्न पडू शकले.

धोंडजीनंतर

त्याच्या मृत्यूनंतर महिनाभरात, १२ ऑक्टोबर १८०० रोजी, निजामाने कंपनीशी नवा तह केला आणि म्हैसूरकडून मिळालेला बल्लारी-कडप्पा बाजूचा मुलूख तैनाती फौजेच्या खर्चासाठी देऊन टाकला. तेथे कलेक्टर म्हणून गेलेल्या टॉमस मन्रोपुढे पहिले काम पाळेगारांची हत्यारबंद माणसे मोडण्याचे होते. म्हैसूरने मात्र वेगळा धडा घेतला. पूर्णय्यांनी शिलेदार घोडदळ जोपासले, ते १८०३ मध्ये वेलस्लीबरोबर मराठ्यांविरुद्ध गेले आणि १८०७ च्या पुरवणी कराराने म्हैसूरने चार हजार स्वार कायम ठेवावेत असे ठरले.

बापू गोखल्यांना चुलत्याची सरदारी मिळाली. १८०० मध्ये आणि पुन्हा १८०३ मध्ये ते वेलस्लीच्या बाजूने मैदानात होते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे पेशव्यांची पिछाडी सांभाळताना इंग्रजी घोडदळाशी लढत ते पडले. आष्टीचे ते रण आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही.

निजामाच्या राज्यात फौज मोडण्याचा प्रश्न पुढची पन्नास वर्षे भिजत राहिला. अरब व रोहिले यांच्या टोळ्या, त्यांच्या थकलेल्या पगारापोटी गहाण पडलेले तालुके, आणि दुसरीकडे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट फौज असा दुहेरी भार हैदराबादच्या खजिन्यावर होता. कंटिंजंटच्या पगाराची बाकी इतकी चढली की मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव हे प्रदेश त्या खर्चासाठी कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. नळदुर्ग येथे या जिल्ह्याचा कारभार पाहण्यास आलेला कॅप्टन मेडोज टेलर स्वतः निजामाच्या फौजेतून वर चढलेला होता आणि त्यापूर्वी सुरपूरच्या बेरड संस्थानाचा कारभार पाहून आला होता. १८५७ मध्ये त्याची वऱ्हाडात बदली होईपर्यंत तो येथे होता. 'तारा' ही त्याची १८६३ ची कादंबरी तुळजापुरात सुरू होते म्हणून आपण त्यास ओळखतो. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र मात्र या जिल्ह्याच्या महसुली व पोलिसी व्यवस्थेच्या दृष्टीने अधिक काळजीपूर्वक वाचले जावयास हवे. धाराशिव आणि रायचूर डिसेंबर १८६० च्या तहाने निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. त्याच्या वसुलातून कंटिंजंटचा पगार चालूच राहिला.